टेबलाएवढा पडदा

एप्रिल महिना. परीक्षा संपलेल्या असतात, वर्ग रिकामे असतात आणि शिक्षकांच्या खोलीत निकालाची घाई चालू असते. पूर्वी या कामाचे चित्र ठरलेले असे. लांबलचक टेबलावर एकीकडे विषयवार गुणयाद्या, मध्ये निकालपत्रकाचा मोठा ताव, बाजूला हजेरीचा कॅटलॉग आणि कोपऱ्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. शंका आली की मान जराशी वळवायची, आकड्यावर बोट ठेवायचे आणि पुन्हा लिहू लागायचे.

आता हेच काम संगणकावर होते. गुणयादी एका खिडकीत असते आणि भरायचा तक्ता दुसऱ्या खिडकीत. पडदा लहान, त्यामुळे एक खिडकी उघडली की दुसरी झाकली जाते. मग यादी पाहायची, तीन-चार आकडे मनात धरायचे, तक्ता उघडायचा आणि आकडे भरायचे. मनात धरलेले आकडे कधी कधी वाटेतच सांडतात. सतराव्या क्रमांकाच्या मुलाचे गुण अठराव्याला जातात आणि ही चूक निकालाच्या दिवशी पालक समोर उभे राहिल्यावर कळते.

यावर शिक्षकांनीच दोन उपाय शोधून काढले आहेत. एक म्हणजे एकाने यादी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने भरायची. दुसरा म्हणजे यादी सरळ कागदावर छापून संगणकाशेजारी ठेवायची. दोन्ही उपायांतली युक्ती एकच आहे. यादीला पडद्याबाहेर स्वतंत्र जागा द्यायची.

बँकांत, छापखान्यांत आणि कार्यालयांत याच कारणासाठी एका संगणकाला दोन मॉनिटर जोडलेले आता सर्रास दिसतात. वर्गाला एक मॉनिटर पुरतो, मग संगणकाला दोन कशाला, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारीलच. त्याचे ठरीव उत्तर असे की दोन पडदे असले म्हणजे एका वेळी दोन कामे होतात. हे उत्तर कितपत खरे आहे? ते तपासायचे तर थोडे मागे, थेट सोळाव्या शतकात जावे लागेल.

पुस्तकांचा आकाशपाळणा

आगोस्तिनो रामेली हा इटालियन अभियंता फ्रान्सच्या राजाच्या पदरी होता. १५८८ मध्ये त्याने पॅरिसमध्ये यंत्रांच्या चित्रांचे एक भले मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात १९५ चित्रे होती. पाणी उपसण्याची यंत्रे, गिरण्या, वजने उचलण्याची साधने, लढाईत उपयोगी पडणारे पूल असा सगळा मामला होता. या गर्दीत एक चित्र अगदी वेगळे आहे. एक विद्वान खुर्चीवर बसला आहे आणि त्याच्यासमोर माणसाच्या उंचीचे एक लाकडी चाक आहे. चाकाच्या परिघावर उतरत्या फळ्या बसवलेल्या आहेत आणि फळ्यांवर पुस्तके उघडून ठेवली आहेत. चाक हाताने फिरवले की एक पुस्तक दूर जाते आणि दुसरे समोर येते.

जत्रेतला आकाशपाळणा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. चाक फिरते, पण पाळणे उलटे होत नाहीत, कारण प्रत्येक पाळणा स्वतःच्या वजनाने लोंबत असतो. रामेलीने मात्र फळ्या लोंबत्या ठेवल्या नाहीत. मध्यभागी एक स्थिर दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी लहान दातेरी चाके आणि त्यांना जोडलेल्या फळ्या अशी त्याची रचना आहे. चाक कितीही फिरले तरी प्रत्येक फळीचा कल तोच राहतो आणि पुस्तक घसरत नाही. ज्यांना सांध्यांच्या दुखण्यामुळे सारखे उठता-बसता येत नाही अशा वाचकांना हे यंत्र फार सोयीचे होईल, असेही त्याने लिहिले आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर येथील तंत्रसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी या चित्रावरून अशी चाके बनवली आणि ती चालली.

असे यंत्र कोणाला सुचावे, याला कारण होते. युरोपात छापखाना येऊन तेव्हा शंभराहून अधिक वर्षे झाली होती. पुस्तके वाढली होती, पण ती जाडजूड व वजनदार होती. अभ्यासकाला एका पुस्तकातले वाक्य दुसऱ्या पुस्तकातल्या वाक्याशी ताडून पाहायचे असे आणि त्यासाठी अनेक पुस्तके एकदम उघडी लागत. टेबल अपुरे पडू लागले, म्हणून रामेलीने टेबलाचे चाक केले.

पण या चाकात एक उणीव आहे. समोर एका वेळी एकच पुस्तक असते आणि बाकीची चाकावर दूर गेलेली असतात. पहिल्यातले वाक्य मनात धरायचे, चाक फिरवायचे आणि दुसऱ्यातल्या वाक्याशी ताडायचे. म्हणजे निकाल भरणाऱ्या शिक्षकाची जी अडचण, तीच या विद्वानाची. गोष्टी आळीपाळीने समोर येणे वेगळे आणि शेजारी शेजारी असणे वेगळे. पहिल्या प्रकाराला आपण ‘चाक’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘टेबल’. पुढची सगळी हकीकत या दोहोंमधल्या ओढाताणीची आहे.

न बनलेले यंत्र

साडेतीनशे वर्षांनी हाच प्रश्न दुसऱ्या एका अभियंत्यापुढे आला. व्हॅनेव्हर बुश हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या युद्धविषयक वैज्ञानिक संशोधनाचे प्रमुख होते. हजारो शास्त्रज्ञांचे काम त्यांच्या देखरेखीखाली चालले होते. संशोधन इतके वाढले आहे की हवा तो निबंध हव्या त्या वेळी सापडत नाही, हे त्यांना रोज जाणवत होते. जुलै १९४५ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात त्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले.

हे यंत्र म्हणजे एक टेबलच होते. टेबलाच्या पोटात सूक्ष्मफितींवर हजारो पुस्तके, पत्रे आणि टिपणे साठवलेली. वरच्या बाजूला तिरपे, अर्धपारदर्शक पडदे. कळ दाबली की हवे ते पान पडद्यावर उमटायचे. बुश यांनी उदाहरण दिले ते धनुष्यांचे. धर्मयुद्धांच्या काळातल्या चकमकींत तुर्कांचे आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरले, याचा एक अभ्यासक शोध घेतो आहे. तो ज्ञानकोशातला मजकूर एका जागी आणतो, इतिहासाच्या ग्रंथातला उतारा त्याच्या शेजारी आणतो आणि कळ दाबून दोन्ही कायमचे जोडून टाकतो. पुढे कधीही एक समोर आला की दुसराही येणार.

मेमेक्स कधीच बनले नाही. पण आज वेबपानावरच्या दुव्यावर बोट ठेवताच आपण दुसऱ्या पानावर जातो, त्या कल्पनेचे एक मूळ या लेखात आहे, हे सर्वमान्य आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ज्या दोन गोष्टींचा संबंध जोडायचा त्या बुश यांना एकाच वेळी, शेजारी शेजारी डोळ्यांसमोर हव्या होत्या. त्यांच्या यंत्रात रामेलीच्या चाकाचे पुन्हा टेबल झाले होते.

खिडक्या आल्या

युद्ध संपता संपता अमेरिकी नौदलातला डग्लस एंगलबार्ट हा वीस वर्षांचा रडार तंत्रज्ञ फिलिपीन्समधल्या लेटे बेटावर होता. तिथे रेडक्रॉसच्या एका लहानशा वाचनालयात बुश यांचा लेख त्याच्या वाचनात आला. तो लेख त्याच्या मनात राहिला. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत त्याने सहकाऱ्यांसह संगणकावर लिहिण्याची, जोडण्याची आणि दुरून एकत्र काम करण्याची एक पद्धत उभी केली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार संगणकतज्ज्ञांसमोर त्याने नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक दिले. माऊस लोकांनी प्रथम पाहिला तो तेव्हा. त्याच प्रात्यक्षिकात पडद्याचे भाग पाडून एका भागात मजकूर आणि दुसऱ्या भागात दूरच्या प्रयोगशाळेत बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा दाखवण्यात आला.

पुढचे पाऊल झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पडले. १९७३ मध्ये तिथे ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा उभा, कागदाच्या पानासारखा होता. एका पानाएवढ्या जागेत अनेक पाने कशी मावायची? ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा आपल्या इतका सवयीचा झाला आहे की त्यात काही शोध आहे असे वाटतही नाही. टेबलावर कागद एकावर एक पडलेले असतात, हवा तो ओढून वर घेतला की झाले, तसेच पडद्यावर करायचे. एकमेकींना झाकणाऱ्या खिडक्या अशा आल्या. १९८१ मध्ये झेरॉक्सचा ‘स्टार’, १९८३ मध्ये ॲपलचा ‘लिसा’ आणि जानेवारी १९८४ मध्ये ‘मॅकिन्टॉश’ बाजारात आला आणि पडद्याला ‘डेस्कटॉप’, म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग, म्हणण्याची पद्धत जगभर पसरली.

नाव टेबलाचे मिळाले, पण टेबल केवढे होते?

टेबलाचा हिशेब

हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांनाही करता येईल. पहिल्या मॅकिन्टॉशचा पडदा नऊ इंची होता. त्यावरचे चित्र सुमारे १८ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच असे, म्हणजे २१६ चौरस सेंटिमीटर. आपल्या नेहमीच्या ए-फोर कागदाचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे ज्याला टेबल म्हटले ते एका कागदाच्या जेमतेम एक तृतीयांशाएवढे होते! शिक्षकाचे टेबल १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद धरले तर ते ७२०० चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर असे ३३ पडदे मावतील.

म्हणजे नाव टेबलाचे असले तरी ते वागत होते चाकासारखे. एक कागद वर आला की दुसरा झाकला जायचा. फरक इतकाच की चाक आता हाताऐवजी माऊसने फिरत होते.

झेरॉक्सच्याच केंद्रातील ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ मध्ये टेबल आणि पडदा यांचा असाच हिशेब मांडला. लोक कामापेक्षा खिडक्या हलवण्यात वेळ घालवतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्याचे कारण समजावून देताना त्यांनी संगणकाच्या पोटातले एक उदाहरण घेतले, ते आपणही पाहू या.

संगणकाची झटपट वापरायची स्मृती महाग आणि लहान असते, तर साठवणीची जागा मोठी पण संथ असते. त्यामुळे लागेल तेवढा भाग साठवणीतून स्मृतीत आणायचा आणि नको असलेला परत ठेवायचा, अशी ये-जा सतत चालते. पण एकाच वेळी बरेच कार्यक्रम चालू केले की घोटाळा होतो. एकाला हवा असलेला भाग आणायला जागा करायची, तर दुसऱ्याला लगेच लागणारा भाग बाहेर जातो. मग तो परत आणायचा, त्यासाठी तिसऱ्याचा बाहेर काढायचा. शेवटी संगणकाचा सगळा वेळ नुसत्या ने-आणीत जातो आणि काम पुढे सरकतच नाही. पीटर डेनिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये यामागचे कारण स्पष्ट केले. प्रत्येक कार्यक्रमाला त्या-त्या वेळी लागणाऱ्या भागांचा एक संच असतो. तो पूर्ण संच स्मृतीत मावला तर काम सुरळीत चालते. तो मावत नसेल तर धावपळ वाढते आणि काम थांबते.

हेंडरसन आणि कार्ड यांचे म्हणणे असे की माणूस आणि पडदा यांच्यातही हेच घडते. प्रत्येक कामाला लागणाऱ्या खिडक्यांचा एक संच असतो. निकालाचे काम असेल तर गुणयादी, तक्ता आणि हजेरी. संच एकाच वेळी दिसला पाहिजे. तो मावत नसेल तर सगळा वेळ खिडक्यांच्या ने-आणीत जाणार. त्यांनी यासाठी ‘रूम्स’, म्हणजे खोल्या, अशी पद्धत बनवली. प्रत्येक कामाला वेगळी खोली आणि खोलीत फक्त त्या कामाच्या खिडक्या. आज संगणकावर आभासी डेस्कटॉपची जी सोय असते, तिच्यात हीच कल्पना आहे. मात्र खोल्या वाढवल्या तरी खोलीतले टेबल तेवढेच राहते. ते मोठे करायचे तर आणखी पडदा हवा.

दुसरा पडदा

दुसऱ्या पडद्याची वाट तोवर एका गैरसोयीतून मोकळी झाली होती. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यासाठी दोन प्रकारची पडद्याची कार्डे मिळत. एकावर अक्षरे ठळक आणि स्वच्छ दिसत, पण चित्रे काढता येत नसत. दुसऱ्यावर रंगीत चित्रे निघत, पण अक्षरे भरड दिसत. दोन्ही कार्डे स्मृतीतली वेगवेगळी जागा वापरत असल्यामुळे ती एकाच यंत्रात शेजारी शेजारी बसत. १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ या हिशेबाच्या कार्यक्रमाने याचा फायदा करून दिला. अक्षरांच्या पडद्यावर आकड्यांचा तक्ता आणि रंगीत पडद्यावर त्याच आकड्यांचा आलेख. आकडा बदलून आलेख पाहायचा तर तक्ता झाकावा लागत नसे.

१९८७ मध्ये मॅकिन्टॉश-२ आला. त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी सहा खाचा होत्या. एकाहून अधिक कार्डे बसवून तितके पडदे जोडता येत आणि संगणक त्या सर्वांना मिळून एकच मोठे टेबल समजे. माऊसचा बाण एका पडद्याच्या कडेवरून निघून दुसऱ्यावर जाई. खिडकी अर्धी इकडे, अर्धी तिकडे ठेवता येई. विंडोज वापरणाऱ्या सर्वसाधारण लोकांना ही सोय विंडोज ९८ बरोबर मिळाली. त्यात नऊ मॉनिटरपर्यंत जोडता येत होते.

तरीही दुसरा मॉनिटर घेणारे थोडेच होते. काचेच्या नळीचा मोठा मॉनिटर पंधरा-वीस किलोंचा असे आणि हातभर खोल असे. दोन मॉनिटर ठेवले की लाकडी टेबलावर वही ठेवायलाही जागा उरत नसे! पडद्यावरचे टेबल वाढवायचे तर खरे टेबल गमवावे लागे. २००० नंतर चपटे पडदे स्वस्त होऊ लागले तेव्हा ही अडचण संपली. आजचा २२ इंची रुंद पडदा सुमारे १३३५ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे ए-फोरची दोन पाने. दोन पडद्यांवर चार पाने मावतात. लाकडी टेबलावर मात्र साडेअकरा मावतात, हे विसरू नये.

मोजून पाहिले तेव्हा

दुसऱ्या पडद्याने काम वाढते का, हे मोजण्याचे प्रयत्न या सुमारास सुरू झाले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात २००३ मध्ये झालेल्या एका चाचणीत साध्या १५ इंची पडद्यापेक्षा खूप रुंद पडद्यावर तीच कामे सुमारे ९ टक्के कमी वेळात झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील युटा विद्यापीठातल्या चाचणीत एकाहून अधिक पडदे वापरणाऱ्यांनी सुमारे १० टक्के अधिक काम केले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. ही दुसरी चाचणी मॉनिटर विकणाऱ्या आणि पडद्याची कार्डे बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशांवर झाली होती. त्यामुळे तिचे आकडे जपून घेतलेले बरे. कोणताही आकडा समोर आला की मोजणारा कोण आणि खर्च कोणाचा, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

पण आकड्यांपेक्षा कामाचे स्वरूप अधिक बोलके आहे. चाचणीतली कामे होती ती एकाच कामासाठी अनेक कागद लागावेत अशी. इथले पाहून तिथे दुरुस्त करा, या तक्त्यातला आकडा त्या मजकुरात घाला. आपल्या निकालाच्या कामासारखीच.

जोनाथन ग्रुडिन यांनी २००१ मध्ये दोन मॉनिटर वापरणाऱ्यांचे निरीक्षण केले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दोन पडदे मिळाले म्हणजे लोक त्याला एक मोठा पडदा समजत नाहीत. ते त्याची वाटणी करतात. मुख्य काम एका पडद्यावर राहते. त्याला लागणारे साहित्य, किंवा अधूनमधून नजर टाकायच्या गोष्टी दुसऱ्यावर जातात. खोली मोठी होण्यापेक्षा शेजारी आणखी एक खोली मिळावी, तसे हे आहे. मग त्या शेजारच्या खोलीत काय ठेवायचे, यावर सगळे अवलंबून आहे.

एका वेळी दोन कामे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. दोन पडद्यांमुळे माणूस एका वेळी दोन कामे करतो का?

‘मल्टिटास्किंग’ हा शब्द मुळात माणसासाठी नव्हता. तो १९६०च्या दशकातल्या संगणकांच्या परिभाषेतला आहे. १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत फर्नांदो कॉर्बातो यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत दाखवली. त्यातही यंत्र एका क्षणी एकच काम करत होते. थोडा वेळ याचे, थोडा वेळ त्याचे, असे ते इतक्या भराभर करत होते की प्रत्येकाला यंत्र आपलेच वाटावे. एक काम सोडताना ते कुठवर आले होते याची संगणक बिनचूक नोंद करून ठेवतो आणि परतल्यावर तिथूनच पुढे जातो.

माणसाला हे कितपत जमते? आर्थर जेरसिल्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्येच ते मोजले होते. लोकांना संख्यांच्या याद्या दिल्या. काही याद्यांत प्रत्येक संख्येवर एकच क्रिया करायची होती, तर काहींत आळीपाळीने बेरीज आणि वजाबाकी. आळीपाळीच्या यादीला वेळ जास्त लागला. क्रिया अवघड नव्हत्या. वेळ जात होता तो एकीतून दुसरीत जाताना.

कारण आपली तात्पुरती स्मृती फार लहान आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सुमारे सात गोष्टींची सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. एका कामातून दुसऱ्यात जाताना या चार-सहा गोष्टी बाहेर काढून नव्या आत घ्याव्या लागतात. डेनिंगने सांगितलेली धावपळ ती हीच. फक्त आता ती डोक्यात चालते.

म्हणजे पडद्यांचे टेबल झाले तरी मन हे रामेलीचे चाकच आहे. लक्षासमोर एका वेळी एकच पुस्तक येते. हे ध्यानात घेतले की दुसऱ्या पडद्याचा उपयोग नेमका कळतो. दोन्ही पडद्यांवर एकाच कामाचे कागद असतील तर जे मनात धरावे लागले असते ते डोळ्यांसमोर राहते. चाक फिरवावे लागते, पण कमी. उलट एका पडद्यावर निकालपत्रक आणि दुसऱ्यावर क्रिकेटचा सामना असेल तर पडदा वाढल्यामुळे चाक अधिक वेळा फिरते. पुस्तकाशेजारी मोबाइल उघडा ठेवून अभ्यास करणाऱ्या मुलापाशीही दोन पडदेच असतात. त्या मोबाइलवर शब्दकोश उघडलेला आहे की मित्रांच्या गप्पा, हे पाहूनच त्याला रागवायचे की नाही ते ठरवावे.

वर्गातले दोन पडदे

शिक्षकांसाठी याहून जवळचा एक धडा आहे. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकात भूमितीच्या सोडवून दाखवलेल्या उदाहरणांवर प्रयोग केले. आकृती एका जागी आणि स्पष्टीकरण दुसरीकडे असेल तर विद्यार्थ्याला दोन्हींत ये-जा करून ते मनात जुळवावे लागते. त्यातच त्याची शक्ती खर्च होते. तेच स्पष्टीकरण आकृतीतच जिथल्या तिथे लिहिले तर उदाहरण लवकर समजते. पाठ्यपुस्तकात आकृती एका पानावर आणि तिचे वर्णन उलटल्यावरच्या पानावर असते तेव्हा मुलांची चिडचिड का होते, हे यावरून कळेल. फळ्याच्या डाव्या भागात काढलेली आकृती आणि पक्ष तास संपेपर्यंत न पुसणारे शिक्षक हे दोन मॉनिटरचे तत्त्व कधीपासूनच पाळत आले आहेत.

वर्गात प्रोजेक्टर असेल तर दुसरा मॉनिटर आपल्यापाशी आहेच. बहुतेक वेळा संगणकावर जे आहे तेच भिंतीवर दाखवले जाते. संगणकाच्या मांडणीत ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडला तर भिंतीवर आकृती आणि आपल्यासमोर टिपणे असे करता येते. शाळेच्या कपाटात एखादा जुना चालू मॉनिटर पडून असेल तर तो याच पर्यायाने निकालाच्या संगणकाला जोडून पाहावा. लिहायचा पडदा समोर ठेवावा आणि पाहायचा बाजूला, त्याच उंचीवर, म्हणजे मान अवघडणार नाही.

करून पाहा

पहिला प्रयोग : सहा-सहा अंकी दहा संख्या एका कागदावर लिहा. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने कागद वहीशेजारी ठेवून संख्या उतरवायच्या. दुसऱ्या गटाने कागद मागच्या बाकावर ठेवायचा, वळून पाहायचे आणि मग लिहायचे. लागलेला वेळ, चुका आणि कागदाकडे किती वेळा पाहावे लागले, या तिन्हींची नोंद करा. मग गटांची अदलाबदल करा. संख्या मात्र नव्या घ्या.

दुसरा प्रयोग : एका ओळीत ‘क’पासून वीस व्यंजने आणि दुसऱ्या ओळीत १ ते २० अंक लिहायचे. आधी व्यंजनांची ओळ पूर्ण करून मग अंक लिहा आणि एकूण वेळ मोजा. नंतर पुन्हा तेच लिहा, पण आळीपाळीने : वर क, खाली १, वर ख, खाली २ याप्रमाणे. दोन्ही वेळा लिहायची चिन्हे चाळीसच आहेत. वेळातला फरक कुठून आला, यावर मुलांना बोलू द्या. नंतर वीस व्यंजने फळ्यावर लिहून ठेवा आणि आळीपाळीचा प्रयोग पुन्हा करा. आता वेळ किती लागतो आणि का, याचा अंदाज आधी मुलांकडून घ्या, मगच घड्याळ लावा.

या दोन प्रयोगांत लेखाचा सगळा सारांश आहे. आणि पुढच्या एप्रिलमध्ये निकाल भरताना यादी व तक्ता शेजारी शेजारी ठेवता आले, तर सतराव्या क्रमांकाच्या मुलाचे गुण त्याच्याच नावापुढे पडतील.